सेल्फ बदलण्याआधी तारा बघा

कांद्याच्या गोण्या भरून ट्रक रात्रीच तयार ठेवावा, पहाटे लासलगावच्या बाजाराला निघायचे म्हणून घरधन्याने चावी फिरवावी, आणि आतून नुसते 'टक्' व्हावे! जुनी गाडी पदरी असलेल्या कुटुंबाला हा अनुभव नवा नाही. मग आळीतली माणसे गोळा होतात, घरातल्या पोराबाळांनाही धक्का मारायला हाक जाते. आठवडाभर असे ढकलण्यात गेले की मालक वैतागून म्हणतो, "मिस्त्री, सेल्फ गेला बघा. नवाच टाकून द्या." नवा सेल्फ बसतो, चार दिवस गाडी बरी चालते आणि पाचव्या दिवशी पुन्हा 'टक्'. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली ही गत.

सेल्फ बिघडतच नाही असे नाही. पण पुष्कळदा दोष बॅटरीत, तारेत किंवा अर्थमध्ये असतो आणि शिक्षा सेल्फला होते. म्हणून शेतकरी बंधूंनो, खिशात हात घालण्यापूर्वी थोडी तपासणी करावी. ती कशी करायची, आणि सेल्फ बदलावाच लागला तर कोणती काळजी घ्यायची, ते या लेखात पाहू.

सेल्फचे काम

पूर्वी इंजिन हँडल मारून चालू करीत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन तंत्रज्ञाने तयार केलेला विजेचा सेल्फ १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीला बसला आणि पुढे हँडल मागे पडले. आजच्या सेल्फची रचना अशी असते. चावी फिरवली की बारीक तारेतून वीज सोलेनॉइडला जाते. सोलेनॉइड दोन कामे करतो. सेल्फचे लहान दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो, आणि बॅटरीकडून आलेली जाड तार मोटारीला जोडून देतो. मोटार फिरते, इंजिन फिरते.

डिझेल इंजिन फिरवायला शेकडो अँपिअर वीज लागते. साधा हिशेब करा. ३०० अँपिअर वीज जात असताना जोडावर ओहमच्या शंभराव्या भागाइतका जरी अडथळा असला, तरी तिथेच ३ व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरीवरचे पांढरे-हिरवे किटण, सैल क्लॅम्प किंवा रंगावर आवळलेला अर्थ एवढा अडथळा सहज करतो. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, कारण त्यांना वीज थोडी लागते. म्हणून "हॉर्न वाजतोय म्हणजे बॅटरी चांगली" हे अनुमान खोटे ठरते.

आवाज काय सांगतो?

एकसारखे 'टकटकटक' होत असेल तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा जोड सैल असतो. एकच मोठा 'टक्' होऊन सगळे शांत झाले, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळले असतील, कार्बन झिजले असतील किंवा मुख्य तारेला वीज पोचत नसेल. मोटार 'घुर्रर' फिरते पण इंजिन हलत नाही, तर दातेरी चाकाचा क्लच घसरतो आहे. 'खर्रर' असा दात घासल्याचा आवाज आला, तर रिंगचे दात बघावेत. इंजिन बंद होताना ठरावीक दोन-तीन जागीच थांबते, म्हणून दातही तेवढ्याच जागी जास्त झिजतात. गाडी गिअरमध्ये टाकून जरा हलवल्यावर सेल्फ लागत असेल, तर ही शंका जरूर घ्यावी. रिंग खराब असेल तर नव्या सेल्फचे दातही ती लवकरच खाऊन टाकते.

मीटर लावून खात्री

हे काम दोघांचे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन चालू होऊ नये म्हणून बंद करण्याची दांडी ओढून धरा. चावी मारणाऱ्याने आपल्या शब्दाशिवाय हात लावायचा नाही, हे आधी ठरवून घ्या. मग मिस्त्रीकडचा व्होल्टमीटर लावा.

१) गाडी रात्रभर उभी असताना १२ व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ दिसते. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. ती आधी भरून घ्यावी.

२) सेल्फ मारताना बॅटरीवर साधारण ९.५ च्या खाली काटा जाऊ नये. भरलेली बॅटरीही त्याखाली जात असेल, तर बॅटरी कमकुवत झाली आहे किंवा सेल्फ अडकून जास्त वीज ओढतो आहे.

३) सेल्फ मारतानाच मीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर आणि दुसरी सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तार किंवा जोड खराब.

४) तसेच बॅटरीचा निगेटिव्ह खुंट आणि सेल्फचे अंग यांमध्ये बघा. इथेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त म्हणजे अर्थ खराब.

दोन बॅटऱ्यांच्या, म्हणजे २४ व्होल्टच्या ट्रकला हे आकडे दुप्पट धरावेत. पुष्कळ गाड्यांचा रोग तिसऱ्या आणि चौथ्या तपासणीत सापडतो. त्याला पॉलिश पेपर, एखादा नवा क्लॅम्प आणि तासभर वेळ पुरतो.

इंजिन रबराच्या तुकड्यांवर बसवलेले असते, त्यामुळे इंजिन ते चासी अशी वेगळी अर्थची पट्टी लागते. ती तुटली की वीज क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते. सेल्फ मारताना अशी केबल तापत असेल, तर पट्टीच बघावी.

सेल्फ बदलायचाच असेल तर

जुना सेल्फ काढून दुकानात सोबत न्यावा. व्होल्ट, फिरण्याची दिशा, दातांची संख्या आणि बोल्टच्या भोकांची जागा या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. कार्बन, बुश किंवा सोलेनॉइड एवढेच गेले असेल, तर तालुक्याच्या गावी सेल्फ-डायनॅमोचे काम करणारा कारागीर ते बदलून देतो. सगळा सेल्फ घ्यायची गरज नाही.

काढताना बॅटरीची अर्थची तार सर्वांत आधी सोडा आणि जोडताना सर्वांत शेवटी जोडा. अर्थ जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना चासीला टेकला की ठिणगी उडते, पाना लाल होतो. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, तेव्हा तिथे विडी-काडी नको. फार जुन्या काही गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असे, म्हणून तारांवर आधीच चिंध्या बांधून खुणा कराव्यात. ट्रकचा सेल्फ जड असतो. शेवटचा बोल्ट सोडण्यापूर्वी खालून आधार द्यावा.

बसवण्याची जागा ग्रीस, गंज आणि रंग काढून लख्ख करा, कारण सेल्फचा अर्थ बहुधा तिथूनच मिळतो. बॅटरीकडची जाड तार सोलेनॉइडच्या एका मोठ्या बोल्टवर येते. दुसऱ्या मोठ्या बोल्टवरून मोटारीत जाणारी पट्टी असते. तिथे बॅटरीची तार जोडली, तर चावी न लावताच मोटार फिरू लागेल. चावीकडची बारीक तार लहान टर्मिनलवर लावावी. नट आवळताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर बोल्ट फिरून आतली तार तुटते. मुख्य तार पहिल्यापेक्षा बारीक घेऊ नका. ती सायलेन्सरच्या पाइपापासून दूर न्या, आणि पत्र्यातून जाते तिथे रबराचे बूच घाला. चावी वारंवार जळत असेल, तर सोलेनॉइडच्या तारेत रिले बसवून घ्यावा.

सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांहून जास्त मारू नये. मध्ये निदान एक मिनीट थांबावे. नाहीतर नवा सेल्फही जळून जाईल.

पान्याने सेल्फ मारू नका

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि घरातल्या बायकामाणसांनीही ती ऐकावी. चावीचे वायरिंग बिघडले की ते दुरुस्त न करता गाडीखाली शिरून सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पाना किंवा स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, ही सवय गावोगाव दिसते. गाडी चुकून गिअरमध्ये असली तर इंजिन लागताच ती पुढे जाते, आणि माणूस चाकाखालीच असतो. ट्रॅक्टरचे तसेच आहे. बऱ्याच ट्रॅक्टरना क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा स्विच असतो. पाना टेकवला की तो स्विच निकामी ठरतो. बाजूला उभा असलेला माणूस मोठ्या मागच्या चाकासमोर असतो, आणि सरून व्हायला वेळही मिळत नाही. तो स्विच बिघडला म्हणून तारा थेट जोडून टाकणे हेही तितकेच घातक.

चावीची तार आणि तो स्विच यांची दुरुस्ती थोड्या खर्चात होते. सुगीच्या घाईत ती पुढे ढकलू नये. गाडी नेहमी चालकाच्या जागेवर बसूनच चालू करावी, आणि त्या वेळी पोरे अंगणाच्या कडेला आहेत ना, हे घरातल्या एका माणसाने बघावे.