साल मिरवणारी शॅम्पेन आणि पोल रोजेंचं तळघर

शॅम्पेनच्या बहुतेक बाटल्यांवर साल छापलेलंच नसतं! फ्रान्सच्या शॅम्पेन नावाच्या थंड कोपऱ्यात पाऊस, धुकं आणि वसंतातल्या गोठवणाऱ्या रात्री यांचा काही भरवसा नाही. म्हणून वेगवेगळ्या वर्षांच्या वाईन मिसळून चव सारखी राखतात. पण एखाद्या वर्षी पीक असं जमून येतं, की त्यात दुसऱ्या वर्षाचा थेंबही नको वाटतो. त्या वर्षाची ती ‘व्हिंटेज’. ती विकण्याआधी किमान ३ वर्षं तळघरात ठेवावी लागते, तसा नियमच आहे. आणखी एक नियम मला फार आवडतो: वर्ष कितीही सोन्यासारखं असो, पिकाचा जास्तीत जास्त ८० टक्के भागच व्हिंटेज म्हणून विकता येतो. उरलेली पुढच्या वाईट वर्षांसाठीची बेगमी.

ही वाट पाहण्याची कला जपणारं एक घराणं म्हणजे पोल रोजे. १८४९ साली सुरू झालेला हा व्यवसाय एपर्ने गावात आजही कुटुंबाच्याच हातात आहे.

काळी द्राक्षं, पांढरी वाईन! पोल रोजेंच्या नेहमीच्या व्हिंटेजमध्ये सुमारे ६० टक्के पिनो न्वार असते, म्हणजे काळी द्राक्षं. रंग सालीत असतो, गरात नाही. साल न चुरडता घड हलकेच दाबला की रस जवळजवळ बिनरंगी निघतो. म्हणूनच शॅम्पेनमध्ये तोडणी हातानंच करावी लागते, यंत्र चालत नाही. त्यांची ‘ब्लाँ द ब्लाँ’ मात्र निव्वळ शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाची, तीही फक्त चांगल्या वर्षांतली.

नाशिकच्या बागायतदाराला तिथलं वेळापत्रक उलटंपालटं वाटेल. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. तिथे हिवाळाभर वेल झोपलेला, छाटणी त्याच दिवसांत, आणि तोडणी बहुधा सप्टेंबरात.

जमिनीखाली ३३ मीटर. एपर्नेखालच्या खडूच्या दगडात घराण्याची काही किलोमीटर लांबीची भुयारं आहेत. सर्वांत खोल भागात तापमान ९ अंशांच्या आसपास असतं. बाटलीत दुसऱ्यांदा आंबणं इथेच होतं आणि गारव्यामुळे ते सावकाश होतं. बुडबुडे इतके बारीक का, याचं श्रेय घराणं या गारव्यालाच देतं. तोवर आतला दाब सुमारे ६ वातावरणांवर गेलेला असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट! यीस्टचा गाळ तोंडाशी आणण्यासाठी बाटल्या रोज थोड्या थोड्या फिरवाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी हे काम आता यंत्रं करतात. पोल रोजेंकडे अजून माणसांचे हात करतात. मग बाटलीचं तोंड गोठवायचं, टोपण उघडायचं आणि दाबानं गाळाचा बर्फाळ गोळा बाहेर उडवायचा. वाईन एकदम नितळ!

१५ लाख बाटल्या एका रात्रीत गडप. संस्थापक पोल रोजे डिसेंबर १८९९मध्ये वारले. दोनच महिन्यांनी, २३ फेब्रुवारी १९००च्या रात्री तळघराचा मोठा भाग कोसळला. सुमारे १५ लाख बाटल्या आणि ५०० पिंपं मातीखाली गेली. मोरीस आणि जॉर्ज ही मुलं डगमगली नाहीत. त्यांनी धंदा पुन्हा उभा केला, आणि वडिलांचं नाव व आडनाव जोडून ‘पोल-रोजे’ हे घराण्याचं आडनाव झालं. खरी गंमत पुढे आहे. २०१८च्या जानेवारीत नव्या इमारतीसाठी खोदकाम करताना काचांच्या ढिगात धडधाकट बाटल्या सापडल्या. बूच घट्ट, वाईन स्वच्छ. एकोणिसाव्या शतकातली वाईन, जिला हात लावायला ११८ वर्षं कुणी पोहोचलं नव्हतं!

हेच मोरीस पहिल्या महायुद्धात एपर्नेचे महापौर होते. सप्टेंबर १९१४मध्ये जर्मन फौजा गावात शिरल्या, गोळ्या घालण्याची धमकी दिली, तरी ते जागचे हलले नाहीत. त्या शरदात तोफांच्या आवाजात बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांनी द्राक्षं तोडली. शॅम्पेनमधलं १९१४चं व्हिंटेज आजही आदरानं आठवलं जातं.

चर्चिल यांचं घोडं! विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर पोल रोजेची १९०८ची पावती आहे, १८९५च्या व्हिंटेजची. पण खरी मैत्री जमली ती १९४४च्या नोव्हेंबरात, पॅरिसमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या जेवणात. समोर १९२८चं व्हिंटेज आणि शेजारी घराण्याच्या सूनबाई ओदेत. पुढे दर वाढदिवसाला ओदेत यांच्याकडून पेटी जायची. चर्चिल यांनी आपल्या शर्यतीच्या घोड्याचं नावच ‘पोल रोजे’ ठेवलं. १९६५ साली ते गेले, तेव्हा ब्रिटनला जाणाऱ्या बाटल्यांच्या लेबलांना काळी किनार लागली. त्यांच्या नावाची खास शॅम्पेन १९८४मध्ये आली; पहिलं साल १९७५, तेही फक्त दीड लिटरच्या बाटल्यांत.

कधी अशी बाटली हाती आलीच, तर ती बर्फगार करू नका. ८ ते १० अंश पुरे, नाहीतर इतक्या वर्षांची चव थंडीत दबून जाते. बुचावरची तार सहसा सहा अर्ध्या वेढ्यांत सुटते. बूच घट्ट धरा आणि फिरवा ती बाटली. बुडबुडे मुख्यतः पेल्याला चिकटलेल्या कापसाच्या सूक्ष्म तंतूंतून उठतात, तेव्हा पेला सुती कापडानं कोरडा पुसून घ्या.