चरबी घटली, पण ती गेली कुठे?

स्थूलतेवर उपयुक्त ठरू शकेल अशा एखाद्या तेलाची पहिली परीक्षा बहुधा माणसावर नव्हे, तर प्रयोगशाळेतील उंदरावर होते. त्यासाठी उंदरांच्या एका गटाला ६० टक्क्यांपर्यंत उष्मांक चरबीतून मिळतील असे खाद्य दिले जाते, तर तुलनेसाठी ठेवलेल्या गटाच्या खाद्यात हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असते. काही आठवड्यांत पहिल्या गटाचे वजन वाढते, रक्तातील साखर बिघडू लागते आणि माणसाच्या लठ्ठपणाशी पुष्कळसे साम्य असलेली अवस्था निर्माण होते. तिला आहारजन्य स्थूलता म्हणतात. याच खाद्यात एखादे वनस्पतिजन्य तेल किंवा त्यातील विशिष्ट घटक मिसळून वजन, चरबी, यकृत आणि इन्शुलिन यांवर काय परिणाम होतो, हे पाहिले जाते.

अशा संशोधनाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण म्हणजे संयुग्मित लिनोलेइक आम्ल, म्हणजेच सीएलए. लिनोलेइक आम्ल हे वनस्पती तेलांत आढळणारे मेदाम्ल, अर्थात चरबीचा एक मूलघटक असून, सोलापूर आणि मराठवाड्याच्या रब्बी शेतीत ओळखीच्या असलेल्या करडईच्या तेलात ते सुमारे तीन चतुर्थांश असते. त्यातील दुहेरी बंधांच्या जागा कारखान्यातील रासायनिक प्रक्रियेने बदलल्या की सीएलए तयार होते. दुधा-तुपातही ते अल्प प्रमाणात असते. मात्र तेथे प्रामुख्याने त्याचा एकच प्रकार आढळतो, तर करडईपासून बनवलेल्या पूरकात दोन प्रकार जवळपास समप्रमाणात असतात. चरबी घटवणारा प्रकार हा यांतील दुसरा, म्हणजे दुधा-तुपात नगण्य असलेला होय.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खाद्यामध्ये केवळ ०.५ टक्के सीएलए मिसळल्यावर उंदरांच्या शरीरातील चरबी तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहूनही कमी भरली. पुढच्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, जास्त चरबीचे खाद्य मिळणाऱ्या आणि कमी चरबीचे खाद्य मिळणाऱ्या अशा दोन्ही गटांत चरबी घटल्याचे आणि ऊर्जेचा खर्च वाढल्याचे दिसले. लठ्ठपणावर सोपा उपाय सापडल्याची आशा त्यामुळे निर्माण झाली, यात नवल नाही.

परंतु घटलेली चरबी गेली कुठे, हा प्रश्न विचारल्यावर चित्र बदलले. जपानी संशोधकांनी २००० साली दाखवून दिले की १ टक्का सीएलए दिलेल्या उंदरांत चरबीच्या पेशीच मोठ्या प्रमाणावर नष्ट होत होत्या. चरबीची ऊती ही शरीराचे ऊर्जेचे कोठार असते; ते कोठार मोडल्यावर चरबी यकृतात साठू लागली, यकृत फुगले आणि रक्तातील इन्शुलिन वाढले. चरबीच्या पेशींतून स्रवणारे आणि भूक व चयापचय यांवर नियंत्रण ठेवणारे लेप्टिन हे संप्रेरक अशा उंदरांना बाहेरून दिल्यावर इन्शुलिनची ही वाढ ओसरली. याचा अर्थ असा की उंदीर सडपातळ झाले होते, निरोगी नव्हे.

माणसांवरील निष्कर्ष याहून वेगळे निघाले. उपलब्ध चाचण्यांच्या २००७ सालच्या एकत्रित विश्लेषणात, दररोज सुमारे ३.२ ग्रॅम सीएलए घेणाऱ्यांची चरबी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत आठवड्याला केवळ ९० ग्रॅमच्या आसपास अधिक घटली. स्वीडनमधील लठ्ठ पुरुषांवरील २००२ सालच्या चाचणीत, चरबी घटवणारा तोच प्रकार एकटा दिल्यावर इन्शुलिनचा परिणाम कमी झाला आणि रक्तातील साखर वाढली. या तफावतीचे एक कारण मात्रेत आहे, कारण शरीराच्या वजनाच्या प्रमाणात पाहता उंदरांना मिळालेली मात्रा दहापटींहूनही अधिक होती. दुसरे कारण उंदराच्या शरीररचनेत आहे: लहान आकारामुळे त्याची उष्णता झपाट्याने निघून जाते, तिची भरपाई करण्यासाठी त्याचा चयापचय माणसाच्या मानाने फार वेगवान असतो आणि ऊर्जेचा खर्च वाढवणाऱ्या पदार्थाचा प्रभाव त्याच्यावर अधिक ठळकपणे दिसतो.

म्हणून हे प्रयोग निरुपयोगी ठरत नाहीत. उलट, यकृतावरील धोका उंदरांमुळेच लवकर लक्षात आला. मात्र त्यांचे निष्कर्ष जाहिरातीच्या एका ओळीत मावत नाहीत. एखादे तेल चरबी घटवते असे वाचल्यावर ते कोणत्या प्राण्यात, किती मात्रेने, कोणत्या स्वरूपात दिले आणि यकृताचे व इन्शुलिनचे काय झाले, ही माहिती वाचकाने मागितली पाहिजे. स्वयंपाकातील करडईचे तेल म्हणजे सीएलएचे पूरक नव्हे आणि वजनकाट्यावरील उतरता आकडा म्हणजे आरोग्य नव्हे, हे दोन भेद ज्याला नीट उमगले, त्याची अशा दाव्यांकडून सहसा फसवणूक होणार नाही.