किशोर कामगाराचा विसावा

वयाची १४ वर्षे पूर्ण केलेल्या, परंतु १८ न गाठलेल्या ज्या मुलास बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीने ‘किशोर’ ही संज्ञा दिली, त्यास धोकादायक नसलेल्या आस्थापनेत ठेवताना १९८६च्या त्याच कायद्यान्वये मालकाने सलग ३ तासांहून अधिक काम घेऊ नये, मग किमान १ तास विसावा द्यावा, आणि हा विसावा व कामाच्या प्रतीक्षेत गेलेला वेळ धरूनही दिवस ६ तासांपलीकडे लांबवू नये. प्रतीक्षेचा वेळ हिशेबात धरणारी ही तरतूद मला सर्वांत सहृदय वाटते; कारण गिऱ्हाइकाची वाट पाहत दुकानाच्या पायरीवर ताटकळणारे पोरही थकतेच. सायंकाळी ७ ते सकाळी ८ काम घेण्यास व जादा कामासही मनाई आहे. साप्ताहिक सुटीचा वार दर्शनी फलकावर कायम नमूद हवा; तो ३ महिन्यांतून एकदाच बदलता येतो.