निम्मे चुकले, तरी हुशार?

आपल्या पिढीला परीक्षेचे गुण म्हणजे शंभरपैकी किती, एवढंच ठाऊक. पंच्याण्णव मिळाले तर पेढे, पंचावन्न मिळाले तर दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आता अमेरिकेत वाढणारी आपली मुलं शाळेत कॉम्प्युटरवर 'मॅप' नावाची चाचणी देऊन येतात आणि सहज सांगतात, "आई, निम्मे तरी चुकले असतील." झालं! पुढे रिपोर्ट येतो, त्यात २१० असा 'रिट' आकडा. हे २१० कितीपैकी, याचा कुठेच पत्ता नाही.

रविवारी मराठी शाळेत मुलं बाराखडी गिरवतात तेव्हा आम्ही पालक बाहेर कॉफी पीत असतो. त्या वेळात आम्ही काही जणांनी लॅपटॉप उघडून या आकड्याचा उगम शोधायचं ठरवलं.

यामागचं शास्त्र म्हणजे 'आयटम रिस्पॉन्स थिअरी'. कल्पना साधी आहे. मुलाची तयारी आणि प्रश्नाचा अवघडपणा, दोन्ही एकाच पट्टीवर मोजायचे. दोन्ही सारखे असले तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के. डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग राश यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात हे सूत्र मांडलं. 'रिट'मधला पहिला 'र' त्यांच्याच नावाचा. २१०चं मूल २००च्या प्रश्नाला भिडलं तर बरोबर येण्याची शक्यता ७३ टक्के, १९०च्या प्रश्नाला ८८, आणि २२०च्या प्रश्नाला फक्त २७. मॅपचं यंत्र उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड देतं, चुकलं की सोपा. म्हणजे मूल कितीही हुशार असो, यंत्र त्याला अशा जागी नेऊन ठेवतं की साधारण निम्मे चुकावेत. 'निम्मे चुकले' यावरून काहीच कळत नाही, कळतं ते कसले प्रश्न चुकले यावरून!

हे ऐकून पटत नाही, हातानं करून पाहिलं की पटतं. एक्सेलमध्ये एका रकान्यात उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत फरक लिहा (१० रिट म्हणजे १), शेजारच्या रकान्यात राशचं सूत्र घाला आणि आलेख काढा. ताणून आडवा केलेला इंग्रजी 'एस' समोर येतो. दहा मिनिटांचं काम.

शिकवण्याची ही रीत जुनीच आहे, बरं का. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या फ्रँक बेकर यांचं छोटं पुस्तक १९८५ साली निघालं तेव्हा त्यासोबत अ‍ॅपल टू आणि आयबीएम पीसीसाठी प्रोग्रॅम होते. प्रश्न किती अवघड ते निवडायचं आणि पडद्यावर रेषा उमटताना पाहायची. २००१ची आवृत्ती फुकट मिळायची, आणि २०१७ साली 'आर' या फुकट मिळणाऱ्या प्रणालीसाठी नवं रूप आलं. 'आर'मध्ये 'एलटीएम' आणि 'मर्ट' असे तयार संच आहेत. एलटीएमसोबत वकिलीच्या प्रवेशपरीक्षेतल्या पाच प्रश्नांची १००० जणांची उत्तरंही येतात. पहिला प्रश्न ९२४ जणांना आला, तिसरा जेमतेम ५५३ जणांना. टायपिंगचा कंटाळा असेल तर 'जेमेट्रिक'मध्ये मेनूवरून काम भागतं. आमचं मत विचाराल तर थेट मर्टवर उडी मारू नये. आकड्यांचा ढीग पडतो आणि शिकतो आपण फक्त बटण दाबायला. आधी एक्सेल.

खरी मजा आली ती खोटं मूल बनवण्यात. तयारी २१०, त्याच्याच पातळीचे ४० प्रश्न, आणि उत्तरं कॉम्प्युटरनं नाणेफेकीनं द्यायची. तेच मूल, तीच तयारी, पण दर वेळी आकडा वेगळा! गणितानं ही डळमळ साधारण ३ रिटची निघते. म्हणजे सप्टेंबरात २१० आणि जानेवारीत २०८ आले, यावरून ट्यूशन लावायला धावण्यात अर्थ नाही.

मोठ्या मुलांच्या पालकांनाही हे लागू आहे. मार्च २०२४ पासून अमेरिकेत सॅट कॉम्प्युटरवर आली. गणिताचे २२-२२ प्रश्नांचे दोन भाग. पहिला कसा जातो त्यावर दुसरा सोपा की अवघड ते ठरतं. तेव्हा दोघांचे तितकेच प्रश्न बरोबर येऊनही गुण वेगळे पडू शकतात. शेजारच्यांच्या मुलाशी तुलना करणाऱ्यांची पंचाईतच की!

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. हे सूत्र मुलाचं गणित एकाच आकड्यात मोजतं. नुकतंच पुण्याहून आलेलं मूल शाब्दिक उदाहरणात अडलं, ते गणितामुळे की इंग्रजीमुळे, हे त्या आकड्यात दिसत नाही. ते बाईंना भेटूनच विचारावं लागतं, आणि विचारावंच.

आमची एक्सेलची फाइल तयार आहे. ज्यांना हवी त्यांनी रविवारी मराठी शाळेत लॅपटॉप घेऊन यावं. मुलांनाही बसू द्या. आठवीतल्या एका मुलीनं चार पर्यायांच्या प्रश्नासाठी रेषेचा डावा पाय शून्यावरून २५ टक्क्यांवर उचलून दाखवला. अंदाजपंचे उत्तराचा हिशेब तिला आमच्याआधी कळला होता.