सोडून देणारा चुंबक
लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण १८२० सालच्या कोपनहेगनमध्ये थांबलो होतो. तिथे शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी तारेतून वीज सोडली आणि जवळची चुंबकसूची वळली. सरळ तारेचा जोर जेमतेम सूची वळवण्याइतकाच. पण तीच तार गुंडाळली, की प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र आतल्या बाजूला एकाच दिशेनं येतं आणि त्यांची बेरीज होते. आत लोखंड ठेवलं तर ते स्वतःच चुंबक होऊन हा जोर कैक पटींनी वाढवतं.

करून बघा. एक बोटभर लांबीचा लोखंडी खिळा, मोटार वाइंडिंगच्या दुकानातून दोनेक मीटर तांब्याची तार, एक पेन्सिल सेल आणि मूठभर टाचण्या. तार एकाच दिशेनं गुंडाळा. साठ-सत्तर वेढे बसतात.

मी सातवीत हे सगळं केलं आणि एक टाचणी हलली नाही. सेल बदलला, तरी तेच. त्या तारेवर इनॅमलचा पातळ लेप असतो आणि तो दिसतो तांब्यासारखाच. मी टोकं खरवडलीच नव्हती. पॉलिश पेपरनं ती लखलखीत घासली आणि टाचण्यांचा घोस लटकला. टोकांवरचा हाच लेप वेढ्यांवर मात्र हवाच. तो नसेल, तर वीज तारेतून फिरत बसणार नाही. ती शेजारच्या वेढ्यात, नाहीतर थेट खिळ्यात शिरून जवळची वाट धरेल.

विल्यम स्टर्जन या इंग्रज माणसाकडे अशी तार नव्हती. १८२५ साली त्यांनी दाखवलेल्या विद्युतचुंबकात नालेच्या आकाराच्या लोखंडालाच वार्निश दिलं होतं. त्यावर उघड्या तारेचे जेमतेम अठरा वेढे होते, तेही एकमेकांपासून लांब. लोखंड होतं साधारण २०० ग्रॅमचं. त्यानं चार किलो वजन उचललं. मग अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी तारेलाच रेशीम गुंडाळलं. आता वेढ्याला वेढा खेटवता येऊ लागला, थरावर थर चढवता येऊ लागले. १८३१ साली त्यांच्या चुंबकानं ९०० किलोंहून अधिक वजन पेललं.

आता सेलची तार काढा. टाचण्या खाली पडतील, पण दोन-तीन खिळ्याला धरून राहतील. त्या का राहिल्या?

लोखंडात सूक्ष्म चुंबकी गट असतात. एरवी त्यांची तोंडं वाटेल तिकडे असतात. वीज सुरू झाली, की प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे ते एका दिशेला वळतात. मऊ लोखंडात वीज थांबताच ही रांग मोडते. कडक पोलादात ती मोडत नाही, म्हणून पूर्वी कायम चुंबक पोलादाचे करत. बाजारातल्या खिळ्यात थोडा कार्बन असतो, त्यामुळे त्याची रांग पुरती मोडत नाही. उरलेल्या टाचण्या त्यामुळेच.

या सुटण्याचं मोल विद्युत घंटेत कळतं. बटण दाबलं की कुंतलातून, म्हणजे तारेच्या वेढ्यांतून, वीज जाते, आतला लोखंडी गाभा चुंबक होतो आणि समोरची लोखंडी पट्टी ओढतो. पट्टीला जोडलेला टोल घंटेवर आपटतो. पण पट्टी ओढली जाताना संपर्क स्क्रूपासून सुटते, म्हणजे चुंबक आपल्याच हातानं आपली वीज तोडतो. गाभ्यातलं चुंबकत्व जातं, स्प्रिंग पट्टीला मागे आणते, ती पुन्हा स्क्रूला टेकते, की पुन्हा टोला. बटणावरचं बोट निघेपर्यंत हेच चालू राहतं. दर वेळी स्क्रूपाशी बारीक ठिणगी उडते. जुन्या घंटेचं ते टोक काळवंडतं, मग आवाज अडखळतो.

आता या घंटेत कडक पोलादाचा गाभा बसवला असं समजा. पहिला टोला दणक्यात पडेल. मग वीज तुटेल, पण पोलाद पट्टीला सोडणार नाही. एका ‘टण्’नंतर सगळं गप्प.

या आठवड्याचा प्रयोग: तार तेवढीच ठेवून आधी वीस, मग तीस, मग साठ वेढे गुंडाळा, दर वेळी वीज सोडा आणि टाचण्या मोजा. तार तापते, म्हणून सेल दोन-तीन सेकंदच जोडा. घरातल्या प्लगला मात्र यातलं काहीही जोडायचं नाही.

पुढच्या आठवड्यात अलिबागला जाऊ. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेनं चुंबकीय नोंदींचं काम तिकडे का नेलं, याचं उत्तर आजच्या खिळ्यातच आहे. विचार करून ठेवा.