नूडल्स हलाल, पण रस्सा?

जपानला निघालेल्या मुस्लिम प्रवाशाला एक सल्ला हमखास मिळतो : "रामेन टाळा, त्यात डुकराचं असतं. सोबा-उदोन बिनधास्त खा, ते नुसतं पिठाचं." सल्ला आपुलकीचा असतो आणि अर्धा खराही. उदोन म्हणजे गव्हाचं पीठ, मीठ आणि पाणी. सोबा म्हणजे बकव्हीट, आपल्या ओळखीचं कुट्टूचं पीठ. काही दुकानांत ते शंभर टक्के असतं, पुष्कळ ठिकाणी त्यात वीस टक्के गहू मिसळतात. इथवर हराम काहीच नाही. अडचण असते ती वाटीतल्या रश्श्यात.

झारू सोबा मागवला, की बांबूच्या जाळीवर गार नूडल्स येतात. शेजारी छोट्या पेल्यात काळसर त्सुयू, बशीत कांद्याची पात आणि वासाबी. घास उचलायचा, टोकं त्सुयूत बुडवायची आणि सुर्रकन ओढायचा. या त्सुयूचे दोन भाग असतात. एक दाशी : कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन सुकवलेल्या माशाचा कीस, यांचं पाणी. मासा असल्याने त्याला हलाल पद्धतीने कापण्याची अट लागू नाही. दुसरा काएशी : सोया सॉस, साखर आणि मिरिन. मिरिन चिकट तांदूळ, कोजी (आंबवणारी बुरशी) आणि शोचू नावाच्या दारूपासून करतात आणि अस्सल मिरिनमध्ये सुमारे 14 टक्के अल्कोहोल असतो. शेवटी उरलेल्या त्सुयूत सोबा उकडलेलं गरम पाणी, सोबायू, ओतून तो पिऊन टाकायची रीत आहे. म्हणजे "मी फक्त टोक बुडवतो" हेही तिथे टिकत नाही.

"उकळल्यावर अल्कोहोल उडूनच जातो" हे तर जपानी स्वयंपाकीही मनापासून सांगतात. बराचसा उडतो, पण सगळा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून 15 मिनिटं शिजवल्यावर सुमारे 40 टक्के अल्कोहोल शिल्लक राहतो, अडीच तासांनंतरही 5 टक्के. शिवाय अनेकांच्या दृष्टीने किती उरला हा मुद्दाच नसतो. दारू घटक म्हणून घातली, इथेच विषय संपतो. सोया सॉसची गोष्ट वेगळी. आंबवताना त्यात थोडा अल्कोहोल आपोआप तयार होतो आणि तो चालतो असं मानणारे पुष्कळ आहेत. मात्र काही बाटल्यांत टिकाऊपणासाठी अल्कोहोल वरून घातलेला असतो. घटकांच्या यादीत तो बऱ्याचदा 'शुसेइ' म्हणून लिहिलेला असतो.

सगळ्यात जास्त फसवणारा प्रश्न म्हणजे "पोर्क नाही ना?" वेटर खरंच सांगतो, "नाही." पण सोब्यावर बदक किंवा कोंबडी असू शकते आणि ती हलाल पद्धतीने कापलेली असण्याची शक्यता फार कमी. "मांस नको" म्हटलं तर वरचे तुकडे तेवढे निघतात, रस्सा तोच राहतो. भारतीय माणूस ओळखीचा वास आला म्हणून करी-उदोनकडे वळतो, आणि नेमक्या त्या तयार करी-वड्यांत गाईची आणि डुकराची चरबी सर्रास असते. सेल्फ-सर्व्हिस उदोनच्या दुकानात रताळ्याचं तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेले काप, निर्धोक दिसतं, पण बऱ्याचदा त्याच तेलात कोंबडी आणि मांसाचे क्रोकेटही तळलेले असतात. ओकिनावा सोब्यात तर बकव्हीट नसतंच : नूडल्स गव्हाच्या, रस्सा बहुधा डुकराच्या हाडांचा, वर डुकराचंच मांस.

काही उपाहारगृहांत ॲलर्जीचा तक्ता मिळतो आणि तो पाहून लोक निर्धास्त होतात. जपानमध्ये सोबा, गहू, अंडी, दूध, कोळंबी, खेकडा अशा मोजक्या घटकांची नोंद पाकीटबंद पदार्थांवर सक्तीची आहे. डुकराचं मांस, गोमांस, कोंबडी, जिलेटिन हे शिफारशीच्या यादीत येतात, म्हणून ते रकाने जरूर पाहावेत. पण मिरिन आणि साके ही तांदळाची दारू ॲलर्जीचे घटक नसल्याने त्या तक्त्यात ते दिसणारच नाहीत.

'मुस्लिम-फ्रेंडली' पाटीला सरकारी प्रमाणपत्र समजू नये. जपानमध्ये हलालचं सरकारी प्रमाणन नाही. निप्पॉन एशिया हलाल असोसिएशनसारख्या खासगी संस्था ते काम करतात. प्रमाणपत्र नसलेल्या दुकानाची पाटी म्हणजे दुकानदाराने स्वतः सांगितलेली माहिती. कुणी फक्त डुक्कर वगळतो, कुणी मिरिनही वगळतो, कुणी भांडी वेगळी ठेवूनही शेजारच्या टेबलावर बिअर देतो. पाटीखालचा बारीक मजकूर विचारून घ्यावा, त्यात संकोच कसला?

आणि सगळ्या मुस्लिमांचं पथ्य एकच, हाही गैरसमजच. कोकणातले बहुतांश मुस्लिम शाफई पंथाचे. त्यांना कोळंबीचं किंवा माकुलाचं तेंपुरा चालतं. हनफी पंथाचे लोक माकूल खात नाहीत, कोळंबीबद्दल त्यांच्यातच मतभेद आहेत. म्हणून एकाच गटातल्या दोघांनी वेगळं मागवलं तर यजमानाने गोंधळून जाऊ नये.

सगळंच रामेन मात्र टाळायचं कारण नाही. तोक्योच्या असाकुसा भागात हलाल कोंबडीच्या रश्श्याचं रामेन मिळतं. म्हणजे 'निर्धोक' सोब्यापेक्षा तिथलं रामेन अधिक खात्रीचं, असंही घडतं.

सोब्याचीच ओढ असेल, तर काही चोखंदळ दुकानं तो नुसत्या मिठाबरोबर देतात, आणि पीठ चांगलं असेल तर मिठाबरोबरच त्याची खरी चव कळते. उदोनसाठी प्रसिद्ध असलेल्या कागावात 'किजोयू उदोन' मागावा : गार उदोन आणि वरून थेट सोया सॉस. मात्र बाटलीवरची घटकांची यादी दाखवायला सांगावी, कारण दाशी किंवा मिरिन घातलेला सॉसही असतो. विचारायचं ते असं : "मिरिन तो ओसाके वा हाइत्ते इमास्का?" म्हणजे मिरिन आणि दारू आहे का? हे जेवणाच्या गर्दीत नाही, दुकान उघडता उघडता विचारावं. तेव्हा आचाऱ्याला आत जाऊन बाटली आणायला सवड असते. राहत्या जागी स्वयंपाकघर असेल तर आणखी सोपं. तोक्योतल्या शिन-ओकुबोच्या हलाल दुकानांतून सोया सॉस घ्यावा, सुका सोबा कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतो, आणि कोंबूचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला की सकाळी दाशी तयार.