जुनी मोटार, नवे इंजिन आणि ब्रेकचे गणित

जालना शहर जसे बियाण्यांसाठी, तसेच पोलादासाठीही प्रसिद्ध आहे. येथील कारखान्यांत ट्रक भरभरून भंगार येते, विजेच्या प्रवर्तन भट्टीत वितळते आणि त्याच्या सळया होऊन बाहेर पडतात. जुन्या मोटारीची अखेर बहुधा अशीच व्हायची. पण एखाद्या मोटारीचे दैव थोर असते. कोणी हौशी माणूस तिचा गंज खरवडतो, झिजलेले भाग बदलतो, नवा रंग देतो आणि मग ती विकायला काढतो. अशी मोटार घेणाऱ्याने आधी काय पाहावे? रंग की चकाकी? चला, पदार्थविज्ञानाला विचारू.

उदाहरणादाखल ‘हेरल्ड’ मोटार घेऊ. ब्रिटनमधील ट्रायम्फ कंपनीने ती १९५९ साली बाजारात आणली. १९६१ पासून ती मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने तयार होऊ लागली. तिची खालची चौकट, म्हणजे चासी, वेगळी असे आणि वरचा सांगाडा तुकड्यातुकड्यांनी तिच्यावर बोल्टने बसवलेला असे. छतसुद्धा बोल्टचेच! त्यामुळे अनेक हौशी लोकांनी छत काढून तिची उघडी मोटार केली. खुद्द ट्रायम्फने हीच चौकट आखूड करून १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही उघडी स्पोर्ट्‌स मोटार बनवली. पहिल्या हेरल्डचे इंजिन ९४८ घनसेंटिमीटरचे, सुमारे ३५ अश्वशक्तीचे होते. स्पिटफायरचे ११४७ घनसेंटिमीटरचे आणि ६३ अश्वशक्तीचे होते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. हेरल्डच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. स्पिटफायरला इंजिन मोठे देताना कंपनीने तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले. असे का बरे केले असेल?

समजा, कोणी जुन्या हेरल्डमध्ये जोरदार इंजिन बसवले, पण ब्रेक मूळचेच ठेवले. माणसांसह मोटारीचे वस्तुमान ९०० किलोग्रॅम धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येते सुमारे १,२५,००० ज्यूल. आता वेग दुप्पट करा, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. ऊर्जा दुप्पट होईल का? नाही. ती चौपट होते, सुमारे ५,००,००० ज्यूल!

मोटार थांबते तेव्हा ही ऊर्जा जाते कुठे? ब्रेकमध्ये घर्षण होऊन तिची उष्णता होते. चारही ड्रम मिळून २० किलोग्रॅम लोखंड आहे आणि सारी उष्णता त्यातच शिरते असे धरले, तर पहिल्या वेळी ड्रम सुमारे १४ अंशांनी तापतील, दुसऱ्या वेळी सुमारे ५४ अंशांनी. घाटात पुन्हा पुन्हा ब्रेक लावला तर हे आकडे एकावर एक चढत जातात. तापलेला ड्रम प्रसरण पावून आतल्या ब्रेकपट्ट्यांपासून दूर सरकतो, पट्ट्यांचे घर्षणही घटते. पाय दाबलेला असतो, पण मोटार थांबत नाही. डिस्क वाऱ्यासाठी उघडी असते, म्हणून लवकर निवते. आता स्पिटफायरचे कोडे सुटले ना?

जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. अशा रस्त्यावर इंजिन नवे आणि ब्रेक जुने ही जोडी जिवाशी खेळ ठरू शकते.

जीर्णोद्धार आणि फेरफार यांतला भेद कायदाही पाहतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण तिची चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. शिवाय अशी मोटार प्रदर्शन, शर्यतफेरी, दुरुस्ती यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही.

वेगाच्या वर्गाचा हा नियम घरी पडताळून पाहा. खाच असलेली पट्टी पुस्तकांवर तिरपी टेकवा आणि तिच्यापुढे सतरंजी अंथरा. प्रथम अडीच सेंटिमीटर उंचीवरून गोटी सोडा, मग दहा सेंटिमीटरवरून. उंची चौपट केली की खाली पोचताना गोटीचा वेग दुप्पट होतो. दोन्ही वेळा गोटी सतरंजीवर किती दूर जाते ते मोजा. दुसरे अंतर पहिल्याच्या जवळजवळ चौपट भरेल.

तेव्हा कुणी चकचकीत जुनी मोटार दाखवून तिच्या नव्या इंजिनाची तारीफ करू लागले, तर नम्रपणे एवढेच विचारा, “आणि ब्रेक?”